गंगाजळी मोडून गाडीला फिल्म लावावी का?

प्रश्न : वर्षभरापूर्वी आम्ही पाच वर्षं वापरलेली, गडद निळ्या रंगाची मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. कर्ज नाही. महिन्यातून दोनदा तरी चिखलवाटा, नदीपात्र, खडकाळ चढ असं फिरणं होतं. आता उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात आणि दारांवर फांद्यांचे ओरखडे आहेत. डिटेलिंगवाल्याने पॅकेज सांगितलंय : मशीन पॉलिश, सगळ्या गाडीला पारदर्शक संरक्षक फिल्म, वरून सिरॅमिक कोटिंग. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या १२ टक्के. बॉनेट, बंपर, आरसे आणि दारांखालचा पट्टा एवढ्यालाच फिल्म लावली तर साडेतीन टक्के, पण अर्धवट काम शोभत नाही असं तो म्हणतो. पॅकेजचे पैसे आकस्मिक निधीतून काढले तर पाच महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद तीन महिन्यांच्याही खाली येते. नाहीतर १२ बिनव्याजी हप्ते आहेत; रोख दिले तर १२ ऐवजी ११ टक्क्यांत काम होईल. गाडी अजून चार वर्षं ठेवू. विकताना किंमत टिकेल, म्हणून ही गुंतवणूकच आहे असं मला वाटतं. घरी मात्र पटत नाही. काय करावं?

उत्तर : पूर्ण पॅकेज घेऊ नका. ज्याला तो अर्धवट काम म्हणतोय, तेच तुमच्या गाडीसाठी पूर्ण काम आहे. तेही लगेच नको, पाच महिन्यांनी करा आणि आकस्मिक निधीला हात लावू नका.

गाडीवर जीव असणं मला पूर्ण समजतं आणि तिच्यावर खर्च करण्यात काही चूक नाही. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. गाडीची आजची किंमत १०० भाग धरू. १२ भागांचा खर्च गुंतवणूक ठरायचा तर चार वर्षांनी येणाऱ्या ग्राहकाने केवळ रंगापायी तुम्हाला १२ भागांहून जास्त मोजायला हवेत. त्याच्यासमोर तेव्हा दहा वर्षांची, खडकांत फिरलेली गाडी असेल आणि तिच्यावर चार वर्षं खडे खाल्लेली फिल्म असेल. समजा तो खूश झाला आणि तीन भाग जास्त दिले. तरी तुमचे नऊ भाग गेले, म्हणजे वर्षाला सव्वादोन. हा देखभालीचा खर्च आहे आणि त्याचा विचार तसाच करायला हवा : कशापासून वाचायचंय, किती वर्षं वाचायचंय आणि त्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय कोणता.

आता रंगाकडे येऊ. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारा थर तोच. तुम्हाला दिसणारे गोल चरे बहुतेक या थरातच आहेत. पॉलिश केल्याने चरे भरून येत नाहीत. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) लावून रगडलं तर त्याहून बरेच जास्त.

माझ्या हिशेबात क्लिअर कोट म्हणजे मुद्दल. त्यात कधीच भर पडत नाही. प्रत्येक पॉलिश ही त्यातून काढलेली रक्कम आहे. आणि तुमचा डिटेलिंगवाला पॅकेजच्या पहिल्याच पायरीला ती काढणार आहे, तीही आधीच्या मालकाने किती काढली हे तुम्हा दोघांनाही माहीत नसताना. थर संपत आला की रंग आधी फिकट पडतो, मग पापुद्रे सुटतात. त्यानंतर पॉलिश उपयोगाचं नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

म्हणून खरी बचत कुठे आहे? धुण्यात. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या प्रकरणात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त पदरात पडतं ते इथेच.

तुमच्या बॉनेटवरची जाळी फांद्यांनी केलेली नाही. फांदीचा ओरखडा लांब आणि एका दिशेने जातो. उन्हात गोल गोल दिसणारं जाळं हे कापडात अडकलेल्या वाळूचं काम असतं. चिखलाने भरलेली गाडी घरी आली की आपण पाण्याचा एक हात मारतो, फडकं घेतो आणि पुसायला लागतो. त्या क्षणी ते फडकं पॉलिश पेपर झालेलं असतं. चिखलाला आधी भिजू द्या. गाडी सावलीत, पत्रा थंड झाल्यावर, वरपासून खालपर्यंत भरपूर पाणी मारा, फोम लावून काही मिनिटं थांबा आणि तो वाळायच्या आत पुन्हा धुऊन काढा. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखी धार पसरवणारं नोझल लावा आणि पत्र्यापासून निदान हातभर अंतर ठेवा. हात लावायचा तो यानंतर.

बादल्या दोन घ्या : एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. सुरुवात टपापासून करा आणि दारांचा खालचा भाग शेवटी घ्या. चाकांचा मोजा वेगळाच ठेवा. भांड्यांचा साबण नको, तो रंगावर लावलेलं मेण आणि सीलंट (संरक्षक लेप) उतरवतो. पाणी अंगावरच वाळू देऊ नका. जड पाण्याचे पांढरे डाग उन्हात पक्के बसतात. पक्ष्यांची विष्ठा दिसली तर धुण्याच्या दिवसाची वाट न बघता ओलं कापड ठेवून भिजवा आणि उचलून घ्या, कारण तिच्यातलं आम्ल क्लिअर कोट खातं. मोठ्या गाडीला हे सगळं करायला दोन तास लागतात आणि टपासाठी स्टूल लागतं. पण दोन बादल्या, दोन मोजे, तीन-चार चांगली जाड कापडं, शाम्पू आणि वर्षातून दोन-तीनदा लावायचं सीलंट असं चार वर्षांचं सामान धरलं तरी ते तुमच्या १०० भागांतल्या एका भागात सहज बसावं. पॅकेज घेतलं तरीही हा खर्च आणि हे दोन तास सुटत नाहीत. फिल्मवरही वाळूचे चरे पडतात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडक्यात. ते एखाद-दोन मायक्रॉनचं असतं. पाणी ओघळून जातं, चिखल लवकर सुटतो, चकाकी राहते, हे फायदे खरे आहेत. पण उडालेला खडा आणि फांदी यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचं माप आहे, हिरे-माणकांच्या मोजपट्टीवरचं नव्हे. शिवाय वॉरंटीचा कागद नीट वाचा. दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेतली तरच ती चालू राहील, अशी अट पुष्कळदा असते आणि खड्यांचे टवके व ओरखडे बहुधा वगळलेले असतात. तुमची गाडी ज्या दोन गोष्टींनी खराब होते, नेमक्या त्याच.

फिल्मचं तसं नाही. ती पॉलियुरेथेनची, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. खड्याचा मार ती स्वतः झेलते, बारीक चरे उन्हाच्या उबेने मिटवते. तुमच्यासारख्या वापरात ती पैसे वसूल करते, पण फक्त मार बसतो तिथे : बॉनेटची पुढची कड, बंपर, आरसे, चाकांच्या मागचा आणि दारांखालचा पट्टा. टपावर खडे उडत नाहीत, मागच्या दारावर क्वचितच. सगळ्या गाडीच्या फिल्मचा बराच पैसा अशा मोठ्या, निवांत पॅनेलांवर जातो, आणि मोठ्या गाडीला अशी जागा पुष्कळ असते. दारांवर फांद्यांचा त्रास फारच असेल तर पुढच्या दोन दारांचा भाव वेगळा विचारा. ती तडजोड मला मान्य आहे.

आता ज्या जागेबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, तिच्याकडे वळते. गाडीचं पोट. १९४८ मध्ये पहिली लँड रोव्हर आली, तेव्हा युद्धानंतरच्या पोलादटंचाईमुळे तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली होती, चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र पोलादी. त्या जुन्या गाड्यांचा वरचा पत्रा आजही बरा दिसतो आणि चॅसिस गंजून गेलेली असते. तुमच्या गाडीचं गणितही याहून वेगळं नाही. चॅसिसच्या पोकळीत, चाकांच्या कमानीत, संरक्षक पत्र्यांच्या वर चिखल बसतो, ओल धरून ठेवतो, पाणी निघून जायची भोकं बुजवतो. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह विकली तेव्हा आदल्या दिवशी अख्खी दुपार घालवून ती चकचकीत केली होती. घ्यायला आलेल्या माणसाने बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगावर जुना शर्ट चढवला, टॉर्च घेतली आणि वीस मिनिटं गाडीखाली पडून राहिला. बाहेर आला आणि मागच्या बाजूच्या गंजाबद्दल त्याने जी रक्कम कापायला सांगितली, ती मला मुकाट्याने कापावी लागली. आतल्या पोकळ्यांत वेळीच मेणाचा फवारा मारून घेतला असता तर त्याच्या कितीतरी कमी खर्चात भागलं असतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर खालून धुणं, खाऱ्या पाण्यात गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणं, आणि वर्षा-दोन वर्षांनी पोकळ्यांत गंजरोधक मेणाचा फवारा. याला चार वर्षांसाठी दीड भाग बाजूला ठेवा. रेडिएटरच्या जाळीतला चिखलही हलक्या धारेने काढत जा. जोराच्या धारेने त्याच्या पातळ पट्ट्या दुमडतात.

आता बेरीज. साडेतीन भाग फिल्मचे, एक भाग एकदाच हलक्या पॉलिशचा (तो पॅकेजबाहेर काय घेईल ते विचारा, मी अंदाज धरलाय), एक भाग धुण्याच्या सामानाचा, दीड भाग पोटाचा. झाले सात. वर्षाला पावणेदोन, आणि त्यात गंजापासून बचावही आला. पॅकेजच्या १२ मध्ये हे सामान नाही, पोट नाही आणि कोटिंगची वार्षिक तपासणीही बहुधा नाही.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मला रंगाहून मोठा वाटतो. आकस्मिक निधी नोकरी गेली, घरात दुखणं आलं, तर त्या दिवसासाठी आहे. जुनी गाडी दाराशी असताना तर तो जास्तच लागतो, कारण खडकावर गिअरबॉक्स फुटला तर तो काही महिने थांबत नाही. बॉनेटवरचे चरे थांबतात. पाच महिन्यांनी ते आजच्याइतकेच असतील, धुण्याची पद्धत बदललीत तर.

आणि हप्ते बिनव्याजी नाहीत. रोखीत ११, हप्त्यांनी १२, म्हणजे तुम्ही ११ भाग उसने घेऊन महिन्याला एक याप्रमाणे वर्षभरात १२ फेडताय. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरून हिशेब केला की व्याजाचा दर वर्षाला १६ टक्क्यांच्या वर जातो. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी जास्त. पण या हप्त्यांमुळे एक चांगली गोष्ट कळली : महिन्याला एक भाग बाजूला काढणं तुम्हाला जमतं. मग तोच भाग पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका. धुण्याचं सामान पहिल्याच महिन्याच्या घरखर्चातून घ्या. पाच महिन्यांनी फिल्म आणि पॉलिशचे साडेचार भाग रोख हातात असतील, रोखीच्या सवलतीसाठी घासाघीसही करता येईल, आणि पुढच्या दोन महिन्यांत पोटाचं कामही निघेल. घरच्यांना हे असं सांगून पाहा. मला वाटतं त्यांचा विरोध गाडीला नसून निधी मोडण्याला आहे, आणि तो रास्त आहे.

मधल्या पाच महिन्यांत एक काम करून घ्या. रंगाची जाडी मोजणारं गेज घेऊन प्रत्येक पॅनेल तीन-चार ठिकाणी मोजा किंवा मोजून घ्या आणि आकडे वहीत उतरवा. एखादं पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर त्यावर चालणारं गेज हवं, लोहचुंबकाचं चालत नाही. एखादा आकडा शेजारच्या पॅनेलच्या दुप्पट-तिप्पट आला तर ते पॅनेल नंतर रंगवलेलं किंवा लांबीने (पुट्टीने) भरलेलं आहे, हे समजा. तिथे फिल्म लावायची घाई नको, कारण ती काढताना असा रंग फिल्मबरोबर उचलला जाऊ शकतो. आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर तिथे पॉलिश आधीच भरपूर झालंय. त्या जागी चरे राहू द्या. साधं गेज सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, क्लिअर कोटची वेगळी नाही, म्हणून शंका असेल तिथे हात आखडताच घ्या.

डिटेलिंगवाल्याला हे आकडे दाखवा आणि विचारा की बॉनेटवरून तो किती मायक्रॉन काढणार आहे. पॉलिशच्या आधी आणि नंतर मोजून लिहून द्यायला जो तयार होईल, त्यालाच काम द्या.