शब्दांविना एक तास: रेडिओ आणि पॉडकास्टवरचे वाचकांचे प्रश्न

न्यू एज म्हणजे बासरी, संतूर, पियानो, सिंथेसायझर असं संथ वाद्यसंगीत. त्याचा तासाभराचा कार्यक्रम रेडिओवर चालवणाऱ्या किंवा पॉडकास्ट म्हणून काढू पाहणाऱ्या सीमाभागातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (बेळगाव): आमच्या कॉलेजच्या सामुदायिक रेडिओवर रात्री न्यू एजचा तास असतो. हेडफोनवर सगळं झकास वाटतं. पण प्रसारण सुरू झालं की संथ सुरुवातीत मधेच स्टेशनची जिंगल वाजते आणि संगीत मंदावलं की खरखर वर येते. तंत्रज्ञ म्हणतात, फाइलच खराब आहे. काय करायचं, सांगा की.

उत्तर: फाइल खराब नाही, तिचा आवाज फार हळू आहे. प्रसारणाच्या साखळीत सायलेन्स डिटेक्टर बसवलेला असतो. आवाज ठरावीक पातळीच्या खाली, बहुधा उणे ४० डेसिबलच्या आसपास, दहा-वीस सेकंद राहिला की तो समजतो कार्यक्रम बंद पडला, आणि राखीव फाइल चालू करतो. तुमची जिंगल ती हीच. त्या एका तासापुरती मुदत ३०-४० सेकंद आणि पातळी उणे ५० करून द्या, अशी विनंती तंत्रज्ञांना करा. नाही म्हणाले तर तुकड्याची पहिली वीस-तीस सेकंदं संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूमची रेघ ओढून ४ ते ६ डेसिबल वर घ्या, किंवा निवेदन नेमकं त्याच जागी बोला. दुसरा उपाय जास्त सोपा आणि कानालाही बरा.

खरखर हे वेगळं दुखणं आहे. ट्रान्समीटरच्या आधीचा प्रोसेसर हळू आवाज आपोआप वर उचलतो. भाषणाला, सिनेमाच्या गाण्याला ते चालतं. इथे मात्र स्वर विरत जातो तसा रेकॉर्डिंगमधला सगळा गाळ वर येतो, आणि पुढचा ठोका पडला की सगळं खाली दबतं. प्रोसेसर बंद करायला कोणी देणार नाही. म्हणून त्याला काम कमी उरेल अशी फाइल द्या. तुकड्यातुकड्यांमधला फरक हाताने मिटवा आणि पूर्ण तासाची लाउडनेस रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या भागांतला फरक, १० ते १२ एलयूच्या (लाउडनेस युनिट) आत आणा. मोठ्या-हळू आवाजातलं अंतर आपोआप कमी करणारा कॉम्प्रेसर सरसकट लावू नका. तो खरखर घरीच वर आणून ठेवतो.

आणखी दोन ठिकाणी घात होतो. एफएममध्ये वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात, आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस असतं. त्यामुळे घंटा, मंजिरी, विंड चाइम यांच्या प्रत्येक टणत्काराला लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र) दचकतो आणि पूर्ण संगीत क्षणभर बुडतं. अशा तुकड्यात ८ किलोहर्ट्झच्या वर २-३ डेसिबल कमी करा. दुसरं, ऐसपैस पसरलेले सिंथेसायझरचे पॅड, म्हणजे मागे लांब धरलेले स्वर. सामुदायिक केंद्राची ताकद १०० वॉट, पल्ला साधारण दहा किलोमीटर. कडेच्या गावात रिसीव्हर आपोआप मोनोवर जातो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करतो. एका बाजूची लहर (फेज) उलटी केलेला पॅड मोनोत चक्क गायब होतो आणि मागे नुसती बासरी उरते. फाइल देण्याआधी एकदा मोनो बटण दाबून ऐका.

प्रश्न (खानापूर): दोन तुकडे क्रॉसफेड केले, म्हणजे एक विरत असताना दुसरा वर आणला, की कधी सुंदर जमतं, कधी कानाला टोचतं. दोन्ही तुकडे संथच असतात. चूक कुठे होते?

उत्तर: लयीत नाही, सुरात. या संगीतात मागे अखंड आस, म्हणजे सतत धरलेला स्वर, असते. आठ सेकंदांच्या क्रॉसफेडमध्ये दोन आसा एकमेकींवर पडतात. पांढरी तीनमधल्या (पेटीच्या पट्टीप्रमाणे) बासरीवर पांढरी चारमधला पियानो आला तर अर्ध्या स्वराची टक्कर होणारच. तंबोऱ्याचं ॲप लावून प्रत्येक तुकड्याचा षड्ज शोधा आणि यादीत नावापुढे लिहून ठेवा. षड्ज-पंचमाचं नातं असेल, उदाहरणार्थ पांढरी तीननंतर पांढरी सात, तर खुशाल मिसळा. एकच षड्ज असेल तर उत्तमच. नातं नसेल तर पहिला तुकडा पूर्ण विरू द्या, दोन सेकंद शांतता ठेवा आणि मग दुसरा सुरू करा. शेवटचा घुमारा आठ-दहा सेकंद चालतो, तो छाटू नका. मधे पावसाचा किंवा ओढ्याचा आवाज दहा सेकंद घातला तरी चालतं, त्याला षड्ज नसतो. मात्र प्रत्येक सांध्यात ओढा वाहायला लागला की श्रोता कंटाळतो.

षड्ज एकच असूनही बेसूर वाटलं तर तुकडा ४३२ हर्ट्झला लावलेला आहे का ते तपासा. या प्रकारात असे बरेच भेटतात. नेहमीच्या ४४० पेक्षा तो सुमारे ३२ सेंट उतरलेला असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): याच ४३२ हर्ट्झने झोप लागते, रक्तदाब उतरतो असं निवेदनात सांगावं का? श्रोते विचारतात.

उत्तर: नको. तसा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय पुरस्कर्ता असलेल्या कार्यक्रमात रोग बरा होण्याचा दावा केला तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. ‘निवांत ऐकण्यासाठी’ एवढं म्हणा.

प्रश्न (निपाणी): आमचं केंद्र रॉयल्टी भरतं. मग रेडिओवर गेलेला भाग जसाच्या तसा पॉडकास्टला टाकायला हरकत नाही ना? यूट्यूबवर ‘नो कॉपीराइट’ लिहिलेलं संगीतही भरपूर मिळतं.

उत्तर: हरकत आहे. केंद्राने भरलेले पैसे प्रसारणाचे. पॉडकास्ट म्हणजे फाइल उतरवून देणं, तो वेगळा हक्क. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी मधला प्रसारणाचा वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या डाउनलोड आणि स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. कलाकाराने केंद्राला ‘वाजवा’ म्हणून पाठवलेली फाइलसुद्धा वाजवण्यापुरतीच असते.

म्हणून परवानगी लेखी घ्या. ईमेल चालतो. या संगीतातले बरेच कलाकार स्वतःच प्रकाशक असतात, त्यामुळे उत्तर मिळण्याची शक्यता सिनेसंगीतापेक्षा खूप जास्त. ईमेलमध्ये तुकड्याचं नाव, पूर्ण वाजवणार की अंश, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग दोन्ही, जगभर, किती मुदतीसाठी, कार्यक्रमाला पुरस्कर्ता आहे की नाही, हे सगळं हवं. सुरुवातीवर बोलणार असाल तर तेही विचारा. रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. दोन्ही त्याच्याकडेच आहेत ना, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

‘नो कॉपीराइट’ या पाटीला काही अर्थ नाही. ती कोणीही लावतो, आणि सहा महिन्यांनी खरा मालक दावा टाकतो. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे मालकाने स्वतःच अटींसह दिलेल्या खुल्या परवान्यात, नुसतं ‘बीवाय’ (श्रेय द्या) असेल तर श्रेय देऊन वापरा. ‘एनसी’ (व्यापारी वापर नाही) असेल आणि कार्यक्रम कुंद्याच्या दुकानाने पुरस्कृत केला असेल तर तो तुकडा बाद. ‘एनडी’ (बदल नाही) असेल तर त्यावर बोलणं, दुसऱ्या तुकड्यात मिसळणं टाळा.

गावातल्या बासरीवाल्याचं वादन स्वतः ध्वनिमुद्रित करणं हा सगळ्यात सरळ मार्ग. रागावर कोणाचा हक्क नाही, पण वादकाचा स्वतःच्या वादनावर आहे, म्हणून त्याची सही घ्या. त्याने सिनेमाची धून वाजवली तर रचनेचा हक्क पुन्हा आडवा येतो, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तासभर सुरेख वाजवून झाल्यावर अडचण कळते.

परवानग्या जमेपर्यंत मिक्सक्लाउडसारख्या, ऑनलाइन कार्यक्रम ऐकवणाऱ्या ठिकाणी पूर्ण तास ठेवता येतो. तिथे संगीत कंपन्यांशी करार असतात. पण ते तिथेच ऐकायचं, तुमच्या पॉडकास्टच्या फीडमध्ये ते येत नाही.

प्रश्न (खानापूर तालुका): कौलारू घर, पावसाळा, त्यात वीज जाते-येते. निवेदन घरीच रेकॉर्ड करावं लागतं. आवाज स्वच्छ कसा मिळेल?

उत्तर: डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. तो कौलांवरचा थेंब न् थेंब टिपतो. तोंडापासून १० ते १२ सेंटीमीटर, जरा तिरका, पुढे पॉप फिल्टर. सर्वात मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलवर येईल एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं बटण). पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असताना रेकॉर्ड करूच नका, त्याची भुणभुण अनेक सुरांत पसरते आणि काढता येत नाही. नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापा. नॉइज गेट, म्हणजे हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन, लावू नका. हळू संगीतावर तो उघडतो-मिटतो ते स्पष्ट ऐकू येतं. पाऊस थांबेना तर दोन आठवड्यांची निवेदनं उघडिपीत एकदम करून ठेवा. बोलताना खालचं संगीत आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली ठेवा.

प्रश्न (चिक्कोडी): निवेदन मराठीत की कन्नडमध्ये? आणि किती बोलावं?

उत्तर: रेडिओवर मराठी मुख्य ठेवून तुकड्याचं आणि वादकाचं नाव कन्नडमध्ये एका वाक्यात सांगा. गावातले निम्मे कान दोन्हीकडे असतात. पॉडकास्टच्या फीडमध्ये मात्र भाषेची खूण एकच द्यावी लागते, तिथे दुभाषी प्रयोग करण्यापेक्षा दोन वेगळे फीड बरे. बोलणं तासात एकूण पाच मिनिटांच्या आत. शब्द नसलेल्या तुकड्याचं नाव श्रोत्याला ऐकून कळत नाही, म्हणून तीन तुकडे झाले की मागची नावं सांगा. ९ ते ११ तुकडे पुरतात. नमुना हवा असेल तर अमेरिकेतला ‘हार्ट्स ऑफ स्पेस’ ऐका. १९७३ मध्ये बर्कलीत तो सुरू झाला. निवेदक सुरुवातीला आणि शेवटी बोलतो, मधे संगीतच.

प्रश्न (निपाणी): पॉडकास्टची फाइल कशी काढायची? रेडिओला दिलेलीच चालेल का?

उत्तर: प्रकल्प तोच, निर्यात वेगळी. वर सांगितलेली घंटांची काटछाट पॉडकास्टला नको. लाउडनेस (एकूण जाणवणारा आवाज) उणे १६ एलयूएफएस, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डेसिबल. निवेदन आणि मुलाखत एवढंच असेल तर मोनो, ६४ केबीपीएस पुरे. संगीत असेल तर स्टिरिओ, १९२. त्यापेक्षा कमी केलं तर घुमाऱ्याच्या शेपटीत पाण्याखालच्यासारखा आवाज येतो. १९२ ला तासाची फाइल सुमारे ८६ एमबी होते, १२८ ला ५८. मुखपृष्ठ चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. मूळ डब्ल्यूएव्ही जपून ठेवा, एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री काढू नका. काही पॉडकास्ट ॲप शांत जागा आपोआप गाळतात, तुमच्या दोन सेकंदांच्या विरामाचं तिथे काही चालत नाही. ‘ट्रिम सायलेन्स बंद करून ऐका’ हे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा.