ऑक्सिजन उपचारासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडावी का?

आदरणीय ताई,

वडोदऱ्याहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. यजमानांना अल्झायमर असल्याचे गेल्या वर्षी निदान झाले, एका केंद्राने हायपरबॅरिक ऑक्सिजनची ४० सत्रे प्रत्येकी ६,००० रुपयांना सुचवली, आणि त्या २ लाख ४० हजारांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले १० लाख मोडावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मोडू नयेत.

बंद कक्षात दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देण्याचा हा उपचार कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा किंवा मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा यांसाठी मान्य आहे. अल्झायमरसाठी मात्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही त्याला मान्यता दिलेली नाही. केंद्राने आपल्याला दाखवलेल्या २०२१ च्या इस्रायली अभ्यासात मुख्य प्रयोग उंदरांवर झाला होता. माणसे अवघी सहा होती, आणि त्यांच्याशी तुलना करायला उपचार न घेतलेला गट नव्हता. एवढ्या आधारावर संशोधकांनी पुढे शोध घ्यावा हे योग्यच, पण घरातली पुंजी लावावी इतका तो आधार भक्कम नाही.

शिवाय या योजनेच्या खात्यातून थोडीच रक्कम काढता येत नाही, संपूर्ण खाते बंद करावे लागते. आपल्या खात्याला दोन वर्षे उलटली असल्याने मुद्दलातून एक टक्का, म्हणजे १०,००० रुपये कापले जातील, आणि ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला मिळणारे २०,५०० रुपये थांबतील. दिवसभराच्या मदतनीस बाईंचा पगार आपण त्यातूनच भागवता, आणि या आजारात वर्षागणिक वाढत जाणारा खर्च नेमका तोच असतो.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या पत्रातल्या एका ओझरत्या वाक्याची: पेन्शनचे खाते एकट्या यजमानांच्या नावे आहे आणि सही न जुळल्याने अलीकडे एक चेक परत आला. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की त्याचा अंमल संपतो. त्यांना व्यवहार समजतो आहे तोवर खाते आपणा दोघांच्या नावे करून घ्या, नामांकने तपासा, आणि मृत्युपत्र करताना त्यांच्या आकलनक्षमतेचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. हे काम याच महिन्यात व्हायला हवे.

तरीही हा उपचार करून पाहावा असे मनात राहिलेच, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियामध्ये नोंदलेली एखादी चाचणी सुरू आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. अशा चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत.