नाशिकमधील आवारातल्या माडाची शहाळी केव्हा आणि कशी उतरवावीत?

आपण विचारले आहे की, गंगापूर रोडवरील आपल्या बंगल्यातील माडाची शहाळी गड्याने बांबूने पाडली तेव्हा निम्मी फुटली आणि उरलेल्यांत पाण्याऐवजी जाड खोबरेच निघाले; तेव्हा शहाळे नेमके कधी आणि कसे काढावे? मी नाशिककर असले तरी माझे आजोळ गुहागरजवळचे असून तेथील वाडीतले हे काम मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्या आधारे लिहिते.

पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलल्यापासून नारळ पूर्ण तयार होण्यास सुमारे १२ महिने लागतात, परंतु शहाळ्यासाठी सहावा-सातवा महिना योग्य असतो. तोपर्यंत फळ आकाराने जवळजवळ पूर्ण वाढलेले असते, पाणी काठोकाठ भरलेले व गोड असते, आणि देठाच्या विरुद्ध टोकाकडून धरू लागलेली मलई चमच्याने सहज निघेल इतकी पातळ असते. आठवा महिना उलटला की मलई घट्ट होऊ लागते, पाण्याची गोडी उतरते आणि हाती येतो तो आडसर, म्हणजे अर्धवट तयार नारळ. आपल्या गड्याने बहुधा तोच काढला असावा.

कोकणात माडाला साधारणपणे महिन्याला एक नवी झावळी आणि तिच्या बेचक्यात एक पोय येते. त्यामुळे एकाच माडावर कोवळ्या बोंडांपासून पिकल्या नारळांपर्यंत सर्व वयांचे घड एकाखाली एक असतात, आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, वरून घड मोजूनच कोणता कापायचा ते ठरवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकात हा हिशेब तंतोतंत जमत नाही, कारण येथील थंडीत माडाची वाढ मंदावते. म्हणून पोय उमलली की तारीख लिहून ठेवावी आणि सहा महिने झाल्यावर एकच फळ काढून पाहावे. हे फळ कानाजवळ धरून हलवावे: पाणी खळखळले नाही, तर ते शहाळे आहे, खळखळले, तर आत पोकळी झाली आहे, म्हणजे उशीर झाला. देठाच्या टोपीलगत फिकट पांढरट कडा दिसत असेल, तर फळ अजून वाढत आहे असे समजावे. केवळ सालीच्या रंगावर जाऊ नये. चौघाट ऑरेंज ड्वार्फसारख्या ठेंगण्या जातीचे फळ कोवळेपणापासूनच केशरी असते.

आता उतरवण्याविषयी. पिकला नारळ वरून टाकला तरी जाड सोडण (काथ्याचे बाहेरचे आवरण) आणि टणक करवंटी यांमुळे सहसा वाचतो. शहाळ्याची करवंटी मात्र अजून कठीण झालेली नसते आणि आत पाणी गच्च भरलेले असते, त्यामुळे ते तडकते. वरून धड दिसणाऱ्या फळालाही कधी बारीक चीर जाते आणि पाणी आंबते. म्हणून शहाळी घडासकटच दोरीने उतरवतात. माडावर चढलेला माणूस घडाच्या दांड्याला दोरी घट्ट बांधतो, तिचे दुसरे टोक शेजारच्या हिरव्या, भक्कम झावळीच्या देठावरून खाली सोडतो आणि खालच्या माणसाने दोरी ताणून धरल्यावरच कोयत्याने दांडा कापतो. दांडा तुटताच घड एकदम झोल खातो. त्या क्षणी खालच्याने दोरी सैल सोडली, तर सगळे मुसळ केरात. दोरी सुकल्या झावळीवर कधीही टाकू नये, ती घडासकट निखळून येते.

बांबूला कोयता बांधून शहाळी पाडणे हा माझ्या मते शुद्ध आळस आहे. माड ठेंगणा असेल, तर पक्की शिडी पुरते. उंच असेल, तर सरावाचाच माणूस बोलवावा. पायांनी चालवायची, खोडाला पकडणारी चढण्याची यंत्रे आता मिळतात आणि नारळ विकास मंडळाने २०११ पासून अशा यंत्रांवर तरुणांना प्रशिक्षण दिले आहे. माडाजवळून विजेची तार जात असेल, तर वीजपुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नये. पावसाळ्यात खोड निसरडे होते, तेव्हा हे काम टाळलेलेच बरे.

उतरवल्यावर फळे दांड्यावरच राहू द्यावीत आणि देठाची टोपी काढू नये, कारण टोपी निघालेल्या जागेतून बुरशी शिरते. सावलीत ठेवलेली शहाळी चार-पाच दिवसांत संपवावीत. नाशिकच्या हातगाड्यांवरील बरीचशी शहाळी कर्नाटकातून ट्रकने येतात, तोडल्यापासून त्यांचे काही दिवस वाटेतच जातात. आपल्याला ती अडचण नाही, तेव्हा लागेल तेवढा एकच घड उतरवावा आणि पुढचा त्याच्या तारखेप्रमाणे काढावा.