सी शार्प सोडायच्या आधी एवढं तपासून बघ

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. सी शार्प ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी हातात बसलीय आणि आता रूमवरची मुलं म्हणतात की ती स्लो आहे, फक्त विंडोजवर चालते, जॉब पण नाहीत, म्हणून गो भाषा घेऊ की रस्ट असं तुझं चाललंय. जरा थांब. हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि तू नक्की काय बनवणार हे ठरल्याशिवाय त्यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

विंडोजचं आधी घेऊ. २००२ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्क, म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात तो पाया, आलं तेव्हा ते खरंच विंडोजपुरतं होतं, पण जून २०१६ मध्ये त्याचाच नवा अवतार डॉट नेट कोअर १.० आलं (पुढे त्यालाच नुसतं डॉट नेट म्हणू लागले), ते ओपन सोर्स आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालणारं, त्यामुळे मुलं सांगतात ती गोष्ट सर्व्हरच्या कोडला आता लागूच होत नाही, वेब एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामना नेटवरून डेटा देणारा प्रोग्राम, लिनक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणारं सगळं सोबत बांधलेल्या पेटीत, टाकून खुशाल चालवता येतो. डेस्कटॉपचं मात्र तसं नाही. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी अजून विंडोजलाच बांधलेल्या आहेत, मायक्रोसॉफ्टचंच माउई अँड्रॉइड, आयफोन, मॅक, विंडोज कव्हर करतं पण लिनक्स डेस्कटॉपला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत सपोर्ट नाही, तिथे अवलोनिया ही बाहेरची लायब्ररी बघावी लागते.

आणि क्रॉस प्लॅटफॉर्म असं लिहिलंय म्हणून सगळं आपोआप चालेल असं समजू नकोस. फाइलचं नाव कोडमध्ये कॅपिटल आणि डिस्कवर स्मॉल असेल तर विंडोजवर चालतं, लिनक्सवर फाइल सापडत नाही. आपल्या वेळेचंच बघ, विंडोज तिला इंडिया स्टँडर्ड टाइम म्हणतं आणि लिनक्स एशिया/कोलकाता, डॉट नेट ६ पासून सहसा दोन्ही नावं दोन्हीकडे चालतात, पण त्याआधीच्या कोडमध्ये इथे सरळ एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम अडवणारी एरर, यायची. सिस्टम ड्रॉइंग ही लायब्ररी वापरून इमेज बनवणारा कोड तर डॉट नेट ७ पासून विंडोजच्या बाहेर चालतच नाही. भाषा कुठे चालते यापेक्षा तू वापरतोस त्या लायब्ररी कुठे चालतात हे बघ.

आता स्पीड. तुझा ऑर्डरवाला प्रोजेक्ट उघडून बघितला. ५०० ऑर्डर आणतोस आणि प्रत्येक ऑर्डरच्या कस्टमरसाठी लूपमध्ये डेटाबेसला वेगळी क्वेरी मारतोस, म्हणजे एका पानासाठी ५०१ क्वेरी, एकेकीला २ मिलिसेकंद धर तरी सेकंद गेला. हाच कोड रस्टमध्ये लिही, तो सेकंद तसाच जाणार. जॉइन लाव, म्हणजे ऑर्डर आणि कस्टमर एकाच क्वेरीत आण, आधी आणि नंतर वेळ मोज, मग भाषेला नावं ठेव. बराच वेळ चालू राहणाऱ्या वेब सर्व्हरला जेआयटी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारा, चांगला स्पीड देतो. अडचण कुठे येते, तर प्रोग्राम पटकन सुरू व्हायला हवा तिथे, त्यासाठी नेटिव्ह एओटी, म्हणजे मशीन कोड आधीच बनवून ठेवणं, आहे पण रिफ्लेक्शनवर (प्रोग्रामने चालता चालता स्वतःचाच कोड तपासणं) चालणाऱ्या लायब्ररी त्यात अडकतात. नको असलेली मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा छोटासा पॉज पण चालत नाही किंवा मेमरी अगदीच कमी आहे, अशा ठिकाणी रस्ट मनापासून शिक, तिथे तिला तोड नाही.

जॉबचं कोणाच्या मतावर सोडू नकोस. नोकरीच्या साइटवर पुणे आणि मुंबई टाक, अनुभव शून्य ते दोन वर्षं, आणि डॉट नेट, जावा, गो, रस्ट प्रत्येकाच्या वीसेक जाहिराती पूर्ण वाच. भाषेच्या शेजारी काय मागितलंय ते वहीत उतरव, एसक्यूएल, अझूर, अँग्युलर, डॉकर वगैरे, कारण इंटरव्ह्यूत प्रश्न त्यावरच जास्त येतात. बँका, इन्शुरन्स, कारखान्यांची सॉफ्टवेअर यात डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ चा जुना कोड अजून खूप चालू आहे आणि वेब फॉर्म्स, डब्ल्यूसीएफ सर्व्हर ही त्यातली साधनं नव्या डॉट नेटमध्ये आलीच नाहीत, त्यामुळे तो कोड नव्यावर न्यायचं काम निघतच राहतं. हे काम ग्लॅमरस नाही, पण फ्रेशरला यातून मोठा सिस्टम आतून बघायला मिळतो आणि मला त्याची फार किंमत वाटते.

या आठवड्यात दोनच कामं कर. तो प्रोजेक्ट जॉइन लावून लिनक्स कंटेनरमध्ये चढव, आणि जाहिरातींची वही भर. दोन्हीचे फोटो पाठव, मग शनिवारी फोनवर बसून ठरवू, आणि वहीत गो जास्त दिसली तर गोच शिकू, मी सोबत आहे.

तुझा,
दादा