पोस्टग्रेस: एकाच नावाची वॉल फाइल, पण प्रायमरी आणि स्टँडबायच्या आर्काइव्हमध्ये चेकसम वेगळा का येतो?

पोस्टग्रेस डेटाबेस आपले बदल वॉल फाइलींत नोंदतो. प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर, स्टँडबाय म्हणजे त्याची मागोमाग चालणारी प्रत, आर्काइव्ह म्हणजे या फाइलींचा साठा आणि चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा. आर्काइव्ह करताना फाइली जीझिप (दाबून लहान) करत असाल तर आधी त्या उघडून मग ताडून पाहा. जीझिपच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) मूळ फाइलची वेळ नोंदली जाते, त्यामुळे आतला मजकूर तोच असला तरी चेकसम जुळत नाही. बऱ्याचदा घोळ एवढाच असतो.

उघडूनही फरक दिसला तर मात्र प्रकरण गंभीर आहे. स्टँडबाय कधी 'प्रमोट' न करता (रीतसर मुख्य सर्व्हर न बनवता), नुसती त्याला स्टँडबाय ठेवणारी स्टँडबाय.सिग्नल फाइल काढून रीस्टार्ट केला होता का? तसं केलं की टाइमलाइन, म्हणजे इतिहासाच्या शाखेचा क्रमांक, बदलत नाही. वॉल फाइलच्या नावातले पहिले 8 अंक टाइमलाइनचे असतात, ते तेच राहतात आणि दोन्ही सर्व्हर एकाच नावाच्या 16 एमबीच्या फाइलींत आपापला इतिहास लिहीत सुटतात. वॉल फाइलीतल्या नोंदी दाखवणाऱ्या पीजी_वॉलडंपने दोन्ही फाइली वाचा, कुठल्या एलएसएनपासून (वॉलमधल्या जागेच्या क्रमांकापासून) वाट फुटली ते कळेल.

इथे वाट फुटलेला सर्व्हर मागे नेऊन जुळवणारं पीजी_रिवाइंड कामाचं नाही, टाइमलाइन एकच दिसली की ते काही न करता परततं. कुठला सर्व्हर खरा मानायचा ते ठरवा, दुसऱ्यावरच्या हव्या त्या नोंदी काढून घ्या आणि तो खऱ्या सर्व्हरच्या नव्या बेस बॅकअपवरून (पूर्ण प्रतीवरून) उभा करा. फाइली आर्काइव्हमध्ये टाकणाऱ्या आर्काइव्ह कमांडला तिथे आधीच असलेली फाइल कधीच पुसून लिहू देऊ नका. आणि '.पार्शल' शेपटीची फाइल दिसली तर घाबरू नका, ती प्रमोशननंतरची अर्धवट जुनी फाइल असते.