राजापूर, रत्नागिरी आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

राजापूर लोकसभा मतदारसंघाविषयी येणाऱ्या बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच आहे. नाव ओळखीचे आहे, म्हणून मतदारसंघही तोच असणार, असे आपण धरून चालतो. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

राजापूर लोकसभा मतदारसंघात आज कोणते तालुके येतात? (एक वाचक, लांजा)

असा लोकसभा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत तो संपुष्टात आला आणि राजापूर हे नाव आता केवळ विधानसभा मतदारसंघाला उरले आहे.

बॅ. नाथ पै यांच्या निधनामुळे झालेल्या पोटनिवडणुकीत प्रा. मधु दंडवते प्रथम निवडून आले, हे बरोबर आहे ना? आमच्या स्मरणिकेत तसे छापायचे आहे. (एक वाचक, वेंगुर्ले)

बरोबर नाही, आणि कृपया तसे छापू नये. भाषणांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून हे विधान इतक्या वेळा पुढे आले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका राजापुरातून जिंकले. चौथी लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजी मुदतीपूर्वीच विसर्जित झाली आणि त्यानंतर १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले. सभागृहच विसर्जित झालेले असताना जागा रिक्त होण्याचा आणि पोटनिवडणूक होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दंडवते मार्च १९७१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडून आले.

हा फरक क्षुल्लक नाही. पोटनिवडणूक म्हटली की, विजयाचे सारे श्रेय सहानुभूतीला देऊन मोकळे होता येते. सहानुभूती होतीच, परंतु इंदिरा गांधींची लाट देशभर असताना प्रजा समाजवादी पक्षाला ज्या अवघ्या दोन जागा मिळाल्या, त्यांपैकी एक राजापूरची होती आणि दुसरी बंगालमधील कांथीची, जिथून समर गुहा निवडून आले. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ मध्येही राजापूरने दंडवते यांनाच निवडून दिले. छपाईपूर्वी लोकसभा सचिवालयाने प्रसिद्ध केलेला सदस्य-परिचय एकदा पाहून घ्यावा.

१९७७ च्या सरकारी आकडेवारीत दंडवते यांच्या नावापुढे भारतीय लोक दल असे आढळते. त्यांनी पक्ष बदलला होता का? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

नाही. दंडवते तेव्हा जनता पक्षाचे उमेदवार होते. या पक्षाने ती निवडणूक लोक दलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढवली होती, त्यामुळे निवडणूक आयोगाच्या अहवालात त्याचे उमेदवार त्या नावाखाली नोंदले गेले आहेत.

रत्नागिरीतून जनसंघाचा खासदार कधी निवडून आला होता का? (एक वाचक, चिपळूण)

होय, १९५७ मध्ये प्रेमजीभाई आसर.

१९५७ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक पक्षाच्या मतांचा चढउतार दाखवणारा एकच तक्ता आमचे मंडळ तयार करत आहे. २००९ मध्ये राजापूरने सुरेश प्रभूंना का नाकारले, याचे विश्लेषणही त्यात द्यायचे आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, कणकवली)

पहिली काळजी ही की, असा एकसंध तक्ता करू नये.

शिवसेनेचे सुरेश प्रभू १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ मध्ये राजापुरातून निवडून आले. २००९ मध्ये ते ४६,७५० मतांनी पराभूत झाले ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात, काँग्रेसच्या नीलेश राणे यांच्याकडून. या नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे विधानसभा मतदारसंघ आहेत. चिपळूण आणि रत्नागिरी त्याआधी रत्नागिरी लोकसभा मतदारसंघात होते. तेथील मतदारांनी २००४ पर्यंत शिवसेनेच्याच अनंत गीते यांच्या लढती पाहिल्या होत्या आणि प्रभूंचे नाव त्यांच्या मतपत्रिकेवर कधी आलेच नव्हते. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, तेव्हा गीतेही तिकडून उभे राहिले. म्हणून ‘राजापूरने नाकारले’ हे विधान सिद्ध करायचे असेल, तर २००९ ची मते विधानसभानिहाय वेगळी काढून पाहावी लागतील. गट पाडून झाल्यावर जुन्या सर्व्हे नंबरच्या नावाने पीक मोजण्यासारखा हा प्रकार आहे.

सीमा का बदलल्या, हेही लक्षात घ्यावे. ही पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. ज्या गावांतील कर्ती माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईला चाकरीसाठी जात राहिली, त्या गावांची लोकसंख्या राज्याच्या वेगाने वाढली नाही, आणि त्याची किंमत प्रतिनिधित्वात मोजावी लागली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज विधानसभेच्या केवळ तीन जागा आहेत. कोकणाच्या राजकीय इतिहासातील ही फार मोठी घटना आहे, आणि एकाच रेषेत काढलेल्या आलेखात तीच दिसेनाशी होते.

२००९ नंतरच्या सीमा स्थिर आहेत, तेव्हा त्या निकालांची तुलना अवश्य करावी; परंतु तेथे पक्ष स्थिर नाहीत. विनायक राऊत २०१४ मध्ये १,५०,०५१ मतांनी आणि २०१९ मध्ये १,७८,३२२ मतांनी जिंकले, तेव्हा शिवसेना एकसंध होती आणि भाजप तिच्यासोबत होता. पराभूत उमेदवार दोन्ही वेळा नीलेश राणे होते, पण प्रथम काँग्रेसचे आणि नंतर महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाचे. २०२४ मध्ये ठाकरे गटाच्या राऊतांना भाजपच्या नारायण राणे यांनी ४७,८५८ मतांनी हरवले. ‘शिवसेना’ हा एकच रकाना ठेवून हे सारे मांडता येणार नाही. प्रत्येक कालखंडाचा पुनर्रचना आदेश आधी वाचावा, त्यानुसार वेगवेगळे तक्ते करावेत, आणि ते छापण्यापूर्वी राज्यशास्त्राच्या एखाद्या जाणकार प्राध्यापकांना दाखवावेत.

१९७१ पासूनची केंद्रनिहाय आणि जातनिहाय मतांची माहिती एक जण विकत देतो आहे. घ्यावी का? (एक इच्छुक उमेदवार)

घेऊ नये. मतपत्रिकांच्या काळातील अनेक निवडणुकांत मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या जात. मग केंद्रनिहाय आकडे आले कोठून? जातीची नोंद तर कोणत्याही मतपत्रिकेवर किंवा यंत्रात होत नाही. अंदाजाला आकड्यांचा पोशाख चढवून तो विकण्याचा हा धंदा आहे आणि प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर त्याला ऊत येतो. अलीकडच्या निवडणुकांची केंद्रनिहाय मते ‘नमुना २०’ मध्ये मिळतात. त्यासाठी जिल्हा निवडणूक शाखेत चौकशी करावी.

माझे आजोबा समाजवादी पक्षाचे मतदान प्रतिनिधी होते. झोपडी चिन्हाची पत्रके, मतदार याद्या आणि त्यांच्या वह्या माळ्यावर आहेत. सवडीने आवरीन म्हणतो. (एक वाचक, मालवण)

सवडीची वाट पाहू नका. कोकणातील एका पावसाळ्यात कागदाला बुरशी आणि वाळवी लागते, आणि निकालाच्या अहवालात जे कधीच येत नाही, म्हणजे कोणत्या वाडीत कोण प्रचाराला गेले आणि सभा कोणाच्या अंगणात झाली, ते अशा वह्यांतच सापडते. प्रत्येक पानाचे छायाचित्र याच आठवड्यात काढून ठेवावे. लॅमिनेशन करू नये, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. पुढील जतनासाठी पुराभिलेखागारातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. याद्यांमध्ये लोकांची नावे आणि घरक्रमांक असतील, त्यामुळे त्या विचारल्याशिवाय कोठेही प्रसिद्ध करू नयेत.