चौरसांची गोधडी : कोपरे का जुळत नाहीत?

प्रश्न : आमच्या घरी वाकळ शिवण्याची पद्धत जुनीच आहे. आता मात्र शिवणकामातून उरलेल्या सुती तुकड्यांचे सारखे चौरस कापून वरचा थर करायचा आहे. 3 इंचांचे नऊ चौरस जोडून पाहिले, तर गट 9 इंचांऐवजी 8 इंचच भरला आणि कोपरेही जुळले नाहीत. कुठे चुकते? चौरसांचे जुने, सोपे नमुने कोणते?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वाकळीत तुकड्याची कड दुमडून तो खालच्या थरांवर ठेवतात आणि धावदोऱ्याने सगळे एकत्र टाचतात, त्यामुळे तुकडा थोडा वाकडा पडला तरी शेजारचा तुकडा तो दोष झाकून घेतो. येथे मात्र तुकडे एकमेकांनाच जोडायचे असल्याने माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, प्रत्येक कडेला धरावी लागते. पाव इंच माया धरल्यास एका शिवणीत दोन्ही तुकड्यांचे मिळून अर्धा इंच आणि दोन शिवणींत मिळून 1 इंच कापड जाते, म्हणून गट 8 इंच भरला. शेजारच्या गटांना जोडताना आणखी अर्धा इंच जाईल. तेव्हा चौरस साडेतीन इंचांचेच कापावेत. कोपऱ्यांसाठी प्रत्येक ओळीतील शिवणी इस्त्रीने गडद तुकड्याकडे वळवाव्यात. मग दोन ओळी समोरासमोर ठेवल्यावर त्या विरुद्ध बाजूंना पडतात, एकमेकींना अडतात आणि कोपरा जागच्या जागी बसतो.

अमेरिकेत हे नमुने एकोणिसाव्या शतकात घरोघर शिवले जात. लहान मुलींना शिवण शिकवताना आधी चार चौरसांचा ‘फोर-पॅच’ किंवा नऊ चौरसांचा ‘नाइन-पॅच’ देत. पाच गडद आणि चार फिक्या चौरसांचा नाइन-पॅच तुम्ही केलाच आहे. त्याच्याशी एकाआड एक तेवढाच कोरा, म्हणजे एकाच कापडाचा अखंड, चौरस येत गेला, की गडद तुकड्यांच्या तिरक्या साखळ्या दिसू लागतात. हीच ‘आयरिश चेन’. नावात आयर्लंड असले तरी ती अमेरिकेत फार रुजली. तिच्या दुहेरी प्रकारात पाच गुणिले पाच चौरसांचा गट लागतो आणि कोऱ्या गटाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक रंगीत चौरस येतो. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातील आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातील स्त्रियांनी तर गटच सोडले आणि मध्यापासून बाहेरच्या बाजूला रंगांची कडी वाढवत ‘सनशाइन अँड शॅडो’ घडवले. सगळे चौरसच, पण नजर खिळवून ठेवतात. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमधील सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) स्त्रियांच्या कवंदी या गोधडीत तुकडे वाकळीसारखेच थरांवर टाचलेले असतात, म्हणून ती परंपरा तुम्हाला परकी वाटणार नाही.

माझ्या मते पहिल्यांदा एकेरी साखळीच करावी. आडवे 7 आणि उभे 9 असे 63 गट घेतल्यास 32 नाइन-पॅच व 31 कोरे चौरस लागतात, आणि चारही कोपऱ्यांत नाइन-पॅचच येतो. कोरा चौरस साडेनऊ इंचांचा कापावा. जोडणी झाल्यावर सुमारे 63 बाय 81 इंच माप होते, जे एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसे आहे. नाइन-पॅचसाठी 160 गडद आणि 128 फिके तुकडे लागतील. रंग कोणताही चालेल, पण गडद आणि फिका यांत फरक स्पष्ट असावा, नाहीतर साखळी दिसणारच नाही. कोऱ्या चौरसांना इचलकरंजीचे साधे पॉपलीन चांगले. सगळे कापड आधी भिजवून वाळवावे, म्हणजे ते पुढे आटणार नाही. लाल आणि निळे तुकडे मात्र वेगळे धुवावेत, कारण त्यांचा रंग सुटला तर आधी फिका चौरस बिघडतो.